भंडारदऱ्यात खोली, घर किंवा जागा भाड्याने देताय? आधी सातबारा बघा, मग करार करा

भंडारदरा (ता. अकोले) : पाऊस लागला की शनिवार-रविवारी घोटी-बारी-शेंडी रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. रंधा धबधबा, विल्सन डॅम, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, बारीतून कळसूबाई. त्याआधी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला येणारे वेगळेच. एवढे लोक येतात म्हटल्यावर त्यांना झोपायला जागा लागते. त्यामुळे शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांत घराला दोन खोल्या जोडणारे, अंगणात तंबू लावणारे आणि पडीक रान बाहेरच्या व्यावसायिकाला वापरायला देणारे शेतकरी दरवर्षी वाढत आहेत.

खोली भाड्याने देणे हा जोडधंदा चांगलाच आहे. भात एकदाच येतो, भाडे हंगामभर येते. पण खोली देणे आणि जमीन देणे यात मोठा फरक आहे. खोलीचा व्यवहार फसला तर महिन्याचे भाडे बुडते. जमिनीचा कागद फसला तर पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनी काय बघावे, कोणता कागद करावा आणि कुठे सही करू नये, याची ही माहिती.

आपण नेमके काय भाड्याने देतोय?

या भागात भाड्याचे चार प्रकार दिसतात आणि चौघांचे नियम वेगळे आहेत.

पहिला प्रकार, पर्यटकाला एक-दोन रात्रींसाठी खोली किंवा तंबू. इथे पाहुणा सकाळी निघून जातो, ताबा आपल्याकडेच राहतो. नोंदवही, स्वच्छता आणि सुरक्षितता सांभाळली की झाले.

दुसरा, महिन्याच्या भाड्याने खोली. शिक्षक, आरोग्य कर्मचारी, बांधकामावरचे मिस्त्री, हॉटेलातले कामगार असे भाडेकरू शेंडी आणि राजूरला वर्षभर मिळतात. पैसा कमी, पण नेमाने येणारा. इथे लेखी करार लागतोच.

तिसरा, रस्त्याकडेचा गाळा. चहा, वडापाव, किराणा, रेनकोट विकणाऱ्यांना हंगामापुरता किंवा वर्षभरासाठी.

चौथा, अख्खे घर किंवा मोकळी जमीन बाहेरच्या व्यावसायिकाला तीन, पाच किंवा त्याहून जास्त वर्षांसाठी देणे. एकरकमी पैसा दिसतो म्हणून हा सगळ्यात गोड वाटतो. धोकाही सगळ्यात मोठा इथेच आहे.

कर्ज काढण्याआधी कागदावर हिशोब

जुलैतल्या एका शनिवारी खोली तिप्पट भावाने गेली म्हणून बारमाही तसेच चालेल असे धरून अनेक जण कर्ज काढतात. भंडारदऱ्याचा धंदा हा सुट्टीच्या दिवसांचा धंदा आहे. मंगळवारी-बुधवारी रस्ता मोकळा असतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काजव्यांपर्यंत शुकशुकाट.

एक उदाहरण धरू. आकडे समजण्यासाठी आहेत, ज्याने त्याने आपले टाकावेत. समजा दोन खोल्या बांधायला ६ लाख रुपये कर्ज काढले, व्याज ११ टक्के, मुदत ७ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १०,३०० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २३ हजारांच्या पुढे.

आता आवक. पावसाळ्यातले १७ आठवडे, आठवड्याला दोन रात्री, दोन खोल्या : ६८. काजव्यांचे तीन आठवडे, तशाच दोन रात्री, दोन खोल्या : १२. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या मिळून १५ रात्री, दोन खोल्या : ३०. एकूण ११०. एका रात्रीचे सरासरी १,५०० रुपये धरले तर १ लाख ६५ हजार.

यातून चादरी धुणे, लाइटबिल, गॅस, सफाईची मजुरी, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचे कमिशन, किरकोळ दुरुस्ती असे शंभरातले ३५ रुपये गेले तर हातात १ लाख ७ हजार राहतात. म्हणजे प्रत्येक सुट्टीला खोली भरूनही हप्त्याला १६ हजार कमी. ते दुधातून किंवा भातातून भरावे लागणार.

हाच हिशोब ३ लाखांच्या कर्जावर केला तर वर्षाचा हप्ता साधारण ६२ हजार आणि ४५ हजार शिल्लक. म्हणून आधी एक खोली आणि स्वच्छ संडास-बाथरूम एवढेच करावे. दोन हंगाम बघावेत, मग पुढचे. पहिल्या वर्षी खोली निम्मीच भरेल असे धरून हिशोब बसत असेल तरच कर्जाला हात घालावा. आणि घरातली बाई स्वयंपाक, झाडलोट, अंथरुणे सगळे करत असेल तर तिची मजुरीही खर्चात धरावी. ती फुकट धरली की धंदा कागदावर फायद्यात दिसतो, माणूस मात्र दमून जातो.

सातबारा, आठ-अ आणि घराचा उतारा

जागा वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर किती नावे आहेत ते आधी बघावे. वडील वारल्यावर वारस नोंद झालेली नसते, तोंडी वाटप झालेले असते आणि एक भाऊ सगळ्यांच्या वतीने पैसे घेतो. पहिल्या वर्षी कोणी बोलत नाही. धंदा चालायला लागला की भाऊबंदकी सुरू होते. म्हणून वारस नोंद आधी करून घ्यावी आणि नाव असलेल्या सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावे आहे ते तपासावे. घरपट्टी थकली असेल तर भरून टाकावी.

सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार वर्ग' हा रकाना फार जण वाचत नाहीत. वर्ग २ लिहिलेले असेल तर त्या जमिनीवर शासनाच्या अटी आहेत आणि परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेला पट्टा तर वारसाला जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अशा जमिनीवर बाहेरच्या माणसाबरोबर कोणताही करार करू नये.

धरणाच्या काठाची गोष्ट निराळीच. पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते ती बहुतेक करून धरणासाठी संपादन झालेली आहे. आजोबा तिथे कसत होते म्हणून ती आपली होत नाही. तिथे तंबू लावायला देऊन भाडे घेणे अंगाशी येऊ शकते. मोजणीची हद्द बघून आपल्या जागेतच तंबू लावावेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या व त्याला लागून असलेल्या गावांनी बांधकाम करण्याआधी वन विभागाकडे विचारणा करावी. काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या वाहनांवर आणि वेळेवर निर्बंध लागतात. ते पाहुण्याला बुकिंग घेतानाच सांगितले तर पुढची भांडणे टळतात.

आदिवासी जमीन : पाच वर्षांच्या आतही परवानगी लागते

अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. इथली बहुतांश जमीन महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या खातेदारांची आहे. या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम ३६ आणि ३६अ लागू आहे.

कलम ३६अ सोप्या भाषेत असे. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यापैकी कशानेही पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. भाडेपट्टा किंवा गहाण पाच वर्षांपर्यंतचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. त्याहून जास्त मुदत किंवा विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात ग्रामसभेचीही मंजुरी लागते.

गावात पसरलेला गैरसमज असा की 'फक्त भाड्याने देतोय, विकत थोडीच, मग परवानगी कशाला?' कायद्यात भाडेपट्टा हा शब्द स्पष्ट आहे. दुसरा गैरसमज, 'पाच वर्षांच्या आत असले की चालते.' चालत नाही. पाच वर्षांच्या आत असेल तर परवानगी जिल्हाधिकारी देतात एवढाच त्याचा अर्थ.

परवानगी न घेता व्यवहार झाला तर जिल्हाधिकारी अर्जावरून किंवा स्वतःहूनही चौकशी लावू शकतात आणि व्यवहार रद्द होऊ शकतो. म्हणजे पैसे गुंतवणाऱ्या बाहेरच्या माणसालाही हा सौदा धोक्याचाच. मुंबई-पुण्या-नाशिकहून इथे जागा घेऊन भाड्याने द्यायचा विचार करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. 'दुसऱ्याच्या नावावर घेऊन टाकू' हा सल्ला तर कोणाचाच ऐकू नये. कायदा बदलणार अशा घोषणा अधूनमधून पेपरात येतात. घोषणा म्हणजे कायदा नव्हे. राजपत्रात येईपर्यंत जुनाच नियम धरून चालावे.

मग आदिवासी शेतकऱ्याने या धंद्यापासून लांब राहायचे का? मुळीच नाही. आपल्या घरात पाहुणा रात्रीपुरता ठेवणे म्हणजे जमीन भाडेपट्ट्याने देणे नव्हे. स्वतः धंदा करावा, ताबा स्वतःकडे ठेवावा. बाहेरच्या माणसाशी भागीदारी करायचीच असेल तर त्याने गिऱ्हाईक आणावे आणि त्याचे कमिशन घ्यावे. जमीन, चावी आणि नोंदवही आपल्याकडेच हवी.

या पाच कागदांवर सही करण्याआधी थांबा

कोरा स्टँप : 'मजकूर नंतर टाईप करू' असे म्हटले की उठून यावे. कोऱ्या कागदावर अंगठा नाही म्हणजे नाही.

कुलमुखत्यारपत्र : याने समोरचा माणूस आपल्या वतीने सह्या करू शकतो. तंबू लावायला किंवा खोली चालवायला याची काहीही गरज नसते.

साठेखत किंवा इसार पावती : हा विक्रीकडे जाणारा कागद आहे. भाड्याच्या व्यवहारात तो आला तर काहीतरी वेगळे शिजतेय असे समजावे.

इंग्रजी करार : समजत नसेल तर मराठीत मागावा. वकिलाकडून किंवा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून पूर्ण वाचून घ्यावा. घाई करणाऱ्याला दोन दिवस थांबायला सांगावे. खरा गिऱ्हाईक दोन दिवस थांबतो.

आपोआप वाढणारी मुदत : 'मुदत संपल्यावर त्याच अटींवर पुढे चालू राहील' असे वाक्य खोडून टाकावे.

महिन्याच्या भाड्याला लिव्ह अँड लायसन्स

जुन्या माणसांच्या मनात अजून 'कूळ लागेल' ही भीती आहे. त्या भीतीने ते भाडेकरूबरोबर काहीच लिहून ठेवत नाहीत. उलट न लिहिल्यानेच घरमालक अडचणीत येतो. भाडे किती ठरले, केव्हापासून राहतोय, किती अनामत घेतली, कशालाच पुरावा राहत नाही.

यासाठी लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठराविक मुदतीचा वापर परवाना करार करावा. भाडेपट्ट्यात जागेवर हक्क तयार होतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी असते, मालकी आणि कायदेशीर ताबा घरमालकाचाच राहतो.

अकरा महिन्यांचा करार नोटरी करून ठेवला की झाले, असे सगळीकडे सांगितले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, खोट्या असल्याचे घरमालकाला सिद्ध करावे लागते. हा कायदा ठराविक क्षेत्रांना लागू आहे. पण आपले गाव त्यात येवो न येवो, नोंदणीचा कागद घरमालकाच्याच कामाला येतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवायचे. उदाहरणार्थ महिना ३,००० रुपये भाडे, मुदत २४ महिने, अनामत १०,००० रुपये. भाडे ७२,००० आणि अनामतीवरचे व्याज २,००० मिळून ७४,०००. त्यावर शुल्क १८५ रुपये, वर थोडे इकडेतिकडे. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. अकोल्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन हे काम होते. ऑनलाइनला दोघांचे आधार आणि अंगठा लागतो. एजंटचा खर्च वेगळा, तो आधी ठरवून घ्यावा.

करारात ही कलमे हवीतच : मुदतीची सुरुवात आणि शेवट तारखेने. भाडे महिन्याच्या कोणत्या तारखेला द्यायचे. लाइटबिल आणि पाणीपट्टी कोणी भरायची. किती माणसे राहणार. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे. अनामत कधी परत द्यायची आणि कशापोटी कापायची. खोलीतल्या वस्तूंची यादी जोडावी. राहायला येण्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग आणि भिंतींचे फोटो दोघांनी मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

भाडे घेतले की पावती द्यावी. कायद्याने ती द्यावीच लागते. फोनवरून पैसे आले तरी महिन्याचे नाव लिहून मेसेज करावा. भाडेकरूची माहिती राजूर पोलीस ठाण्यात द्यावी, आधार कार्डाची प्रत आणि फोटो आपल्याकडे ठेवावा.

भाडेकरूने मुदत संपूनही खोली सोडली नाही तर लाइट तोडणे, पाणी बंद करणे, सामान बाहेर फेकणे असले काही करू नये. पाणी-लाइट तोडणे कायद्याने मना आहे आणि सामान फेकले की उलटी तक्रार घरमालकावरच होते. राहण्याच्या जागेसाठी याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. त्यासाठी लेखी करार मात्र हवा.

पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी

पाहुण्यांची नोंदवही रोज लिहावी. नाव, पत्ता, ओळखपत्र क्रमांक, गाडी नंबर, मोबाइल, येण्या-जाण्याची वेळ. एकाचेच नाही, सगळ्यांचे ओळखपत्र बघावे. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

जेवण देत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करावी. छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे. पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात, गावरान कोंबडी यासाठीच लोक येतात, पण शिळे पाणी आणि उघडे अन्न यामुळे एकदा कोणी आजारी पडला की नाव खराब होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. भाड्याचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न नाही, हे मात्र विसरू नये. ते आयकराच्या हिशोबात वेगळे दाखवावे लागते.

पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत घरातल्या खोल्यांची नोंदणी करता येते. शेती दाखवून पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्यासाठी किमान एक एकर शेती लागते. माहितीसाठी नाशिकच्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी. नवीन बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी आणि शेतजमिनीवर बांधायचे तर तहसील कार्यालयात चौकशी, हे दोन्ही विटा टाकण्याआधी.

आणि जिवाशी खेळ नको. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू देऊ नये, त्या धुराने झोपेतच जीव जातो. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत बसवू नये. पावसाळ्यात तंबूपर्यंत नेलेली वायर जोडांची नसावी, अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच हवाच. धरणाच्या पाण्यात आणि धबधब्याखाली उतरू नये असे पाहुण्याला तोंडी सांगावे आणि पाटीही लावावी. दारू पिऊन पाण्याकडे निघालेल्याला अडवणे हे भाड्यापेक्षा महत्त्वाचे. राजूर ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

विचारायचे कुठे?

जमिनीची नोंद, वारस आणि वर्ग : गावचे तलाठी, मंडळ अधिकारी, अकोले तहसील कार्यालय.
कराराची नोंदणी : दुय्यम निबंधक कार्यालय, अकोले.
आदिवासी खातेदारांच्या योजना आणि मार्गदर्शन : एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, राजूर.
अभयारण्य हद्द व काजव्यांच्या हंगामातले नियम : वन विभाग (वन्यजीव), राजूर आणि शेंडी.
फुकट कायदेशीर सल्ला : तालुका विधी सेवा समिती, अकोले न्यायालय. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना इथे वकील मोफत मिळतो.

जमिनीचा कागद असेल तर तो आधी या समितीतल्या वकिलाला दाखवावा आणि मगच सही करावी. अकोल्याला जायला-यायला एक दिवस मोडेल, एवढेच.